एका दारात दोन जावा नाय

पेपरात बानाबाईचा फोटो छापून आल्यापासून गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत दर दोन दिवसाला कुणी ना कुणी येतंय. तिच्या दाराला कुलूप दिसलं की वळतात माझ्याकडं आणि इचारतात, "तुम्ही त्यांच्या जाऊबाई, रत्नमाला ना? त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगा की." दोन शब्द! माझ्याजवळ दोन हजार शब्द हायेत, आणि त्यातला एक बी छापण्यासारखा नाय. तरी सांगते. बसा तिथं पायरीवर. चहा मिळणार नाय, दूध नासलंय.

पेपरवाल्यानं लिहिलंय की मेंढरामागं फिरलेली बाई जपानचा खेळ जगातल्या लोकांना शिकवते. खोटं नाय ते. अक्षर न् अक्षर खरं हाय. पण लिहिणाऱ्यानं तिच्या भिंतीला भिंत लावून दहाबारा वर्षं राहावं आणि मग लिहावं, म्हणजे कळंल.

बानाबाई माझी थोरली जाऊ. आमच्या मालकाच्या मोठ्या भावाची, बिरूभाऊजींची बायको. आम्ही धनगर, गाव फुलंब्रीच्या पलीकडं. मी लग्न करून आले तेव्हा घरात मेंढरं होती आणि त्यांच्यामागं हीच हिंडायची. काठी खांद्यावर, पदर कमरेला, आणि तोंड सारखं चालू. दीडदोनशे मेंढरं संध्याकाळी परत आली की नुसती नजर फिरवायची आणि सांगायची, "कानतुटकी आली नाय." मग आळ कुणावर? धाकट्या जावंवर. मी कुंपणाला काटा लावला नसंल, माझं ध्यान नसंल. मेंढरू दुसऱ्याच्या कळपात सापडायचं, पण तोवर माझा उद्धार झालेला असायचा. जावा-जावा उभा दावा म्हणतात ते उगं नाय.

पुढं चराई राहिली नाय, मेंढरं इकली आणि दोघं भाऊ शहरात आले. दोघांना शेंद्र्याला कारखान्यात कामं लागली. गारखेड्यात जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. मधी चार इंची भिंत आणि पुढं दार एकच. ही बया उस्मानपुऱ्यात एका गेस्ट हाऊसवर लागली, भांड्याला आणि सैपाकाला. तिथं जपानी कंपनीचे साहेब उतरायचे.

त्यातला एक म्हातारा साहेब, कुनिमोतो नाव. ही त्याला कुणीसाहेब म्हणायची. बिचाऱ्याला आपलं तिखट सोसायचं नाय, पातळ वरण आणि भात खायचा. ऐतवारी बाकीचे साहेब लेणी बघायला जायचे आणि हा एकटाच लाकडी पट मांडून बसायचा. इकडून एक सोंगटी सरकवायची, मग उठून पलीकडं जाऊन बसायचं आणि तिकडून सरकवायची. हिला वाटलं, साहेबाच्या डोक्यावर परिणाम झालाय. एकदा त्यानं हिला खूण करून समोर बसवलं. तो दोन सोंगट्या सरकवायचा, एक आपली आणि एक हिची. मग त्यानं हिची एक सोंगटी उचलली. ही म्हणली, मेली ती, आणि त्याच्या हातातून घेऊन डब्यात टाकून दिली. साहेबानं ती डब्यातून काढली, तिचं टोक हिच्याकडं फिरवलं आणि पटावर मांडली. आता ती साहेबाच्या बाजूनं चालायला लागली.

ही भडकली. "मेलेलं मेंढरू परत चरायला सोडता व्हय?" साहेबाला काय कळणार? त्यानं आपलं परत तेच करून दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा हिच्या डोक्यात उजेड पडला. ते मेलेलंच नाय! दुसऱ्याच्या कळपात गेलंय. घरी येऊन आम्हा सगळ्यांना म्हणली, "बुद्धिबळात मारतात. ह्यात पळवतात. पळवलेलं ज्याच्या हाकेला येतं त्याचं."

मी तेव्हाच म्हणायला पायजे होतं, बाई, तुम्हाला हाच खेळ आवडायचा.

चार वर्षं साहेबानं तिला शिकवलं. ना ह्याला तिची भाषा, ना तिला ह्याची. जाताना तो पट आणि सोंगट्या तिला देऊन गेला, आणि एक गोष्ट खाणाखुणांनी सांगून गेला. ह्या खेळात जिंकणारा ओरडत नाय. हरणाऱ्यानं आपल्या तोंडानं म्हणायचं, मी हरलो, आणि समोरच्यापुढं वाकायचं. जिंकलेल्यानं बी वाकायचं. तोवर डाव संपला असं धरत नाहीत आणि कुणी उठत नाय. ही त्याच्यावर अशी भाळली की खेळ राहिला बाजूला, ती रीतच धरून बसली.

साहेब गेला आणि हिला वाटलं, गल्लीला शिकवावं. लष्कराच्या भाकरी भाजायची हौस! छावणीतल्या जहांगीरभाईंकडून लाकडाच्या सोंगट्या करून घेतल्या. त्या भल्या माणसानं सोयीसाठी अर्ध्या लाल आणि अर्ध्या काळ्या रंगवून दिल्या. ही त्याच्यावरच ओरडली. "रंगवलेलं मेंढरू दुसऱ्याचं कसं व्हईल? इथं रंग नसतोय. टोक ज्याच्याकडं, त्याच्यावर ते चालून जातं, एवढंच." सगळ्या सोंगट्या त्याच्याकडून खरवडून घेतल्या. जहांगीरभाई अजून आमच्या मालकाला म्हणतात, "तुम्हारी भाभी से अल्ला बचाए."

गल्लीतले गडी आले शिकायला, नाय असं नाय. दहाबारा जण. हिनं पहिल्या दिवशी पटाला हात लावू दिला नाय. म्हणली, "आधी म्हणायला शिका. मी हरलो. दहा वेळा म्हणा."

आता मला सांगा, आपल्याकडं कोणता गडी हरलो म्हणतो? पत्त्यात हरला तर म्हणतो पानंच खराब आली. निवडणुकीत हरला तर मशीन खराब. एकाला म्हणे फोन आला, एकाच्या घरी पाव्हणे आले, एक तर तोंडावर म्हणला, "काकू, बाईमाणसापुढं हरलो म्हणायचं? आमाला येडं समजलं काय?" दुसऱ्या दिवशी एक बी फिरकला नाय. ही हसली बी नाय, रडली बी नाय. म्हणली, "ज्याला हरता येत नाय त्याला काय शिकवायचं? जगात दुसरी माणसं हायेत."

तसं ते जगात गेलं. ते लॉकडाऊनचं साल. गेस्ट हाऊस बंद. भाऊजींनी तिला टचचा मोबाईल घेऊन दिलेला, त्याच्यावर ती अनोळखी लोकांसंग खेळायला लागली. मग कुणीतरी तिला त्याच्यावर तोंड दाखवून बोलायला शिकवलं. दुपारी जेवणं झाली की ही भिंतीपलीकडं पट मांडून मोबाईल डब्याला टेकवून बसायची. एक पोलंडचा तोमाश. एक केनियातली मास्तरीण. ब्राझीलमधले एक नवराबायको, त्यांच्याकडं तेव्हा सकाळ असायची, आंघोळ न करता बसायचे. ह्यांची इंग्रजी, हिची मराठी, मधी चार शब्द जपानी आणि बाकी हातवारे. आणि हिनं त्या सगळ्यांकडून आधी काय म्हणवून घेतलं? "हरलो बया." जपानीत नाय, मराठीत! तो तोमाश एवढा धिप्पाड माणूस, मान खाली घालून म्हणायचा, "हारलो बाया." मास्तरीण म्हणायची, "हारले बाया." त्यांना वाटत असंल, जपानी हाय. गल्लीतल्या माणसांना जे तोंडातून काढता आलं नाय ते साता समुद्रापलीकडची माणसं म्हणायची. त्यांनी पुढं आपापल्या गावात दुसऱ्यांना शिकवलं. पंचवीसेक देशातली माणसं झाली म्हणतात आता. पेपरात लिहिलंय ते हेच.

आता पेपरात नाय ते सांगते.

ते पहिलंच वरीस. पाण्याच्या ड्रमावरून माझं तिच्यासंग वाजलं होतं. चूक तिचीच होती. चौथ्या दिवशी दुपारी मी इकडं भाकरी थापत होते आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, ठणठणीत: "एका दारात दोन जावा नाय! नाय म्हणजे नाय! लगेच हार!" आणि पलीकडून ती गोरी माणसं खीखी हसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचं दार एक. त्या दारात जावा दोन. आणि ही बया पोलंडच्या माणसाला माझी गाऱ्हाणी सांगून हसवायली! दुसऱ्या दिवशी परत तेच. नवं माणूस आलं की हमखास. "एका दारात दोन जावा नाय!" मी मालकाला म्हणलं, आजच्या आज मला येगळं दार फोडून द्या, नाय तर मी माहेरी चालले. मालक म्हणले, तिकडून नाली हाय. म्हणलं, असू द्या. तेव्हापासून आम्ही नालीवर फरशी टाकून तिच्यावरून घरात येतो. पावसाळ्यात घाण येते. सहा वर्षं झाली. तोंडावर बोलायचं काम पडलं तर मी तिला तुम्ही म्हणते, रीत सोडली नाय. पण काम पडू दिलं नाय. दोघं भाऊ आपले टपरीवर एका बाकावर चहा पितात, त्यांना काय?

आणि एक गोष्ट हाय. ती छापू नका. मी रोज दुपारी भिंतीला कान लावून बसायची. माझ्यावर आणिक काय बोलती ते पकडायला. बोलली काय नाय, पण खेळ माझ्या कानात भरत गेला. उभ्या रांगेला ती दार म्हणायची, आडव्या रांगेला पायरी. नऊ दारं, नऊ पायऱ्या. "तिसऱ्या दारी, पाचव्या पायरीवर चांदी टाक." सोनं कसं चालतं, चांदी कशी चालते, घोडा, हत्ती, उंट, प्यादं, कोण पलीकडं घुसल्यावर पालथं होऊन थोर होतं, सगळं ऐकून पाठ झालं. मी फरशीवर खडूनं घरं आखली आणि हरभरे, शेंगदाणे, चिंचोके मांडून तिचे डाव इकडं चालवायला लागले. मालक यायच्या आधी पुसून टाकायची. हरभरे त्याच दिवशी आमटीत.

आता माझ्या पोरीचं. प्रांजली. एकुलती एक. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला तिनं. बानाबाईला लेकरू नाय, ते देवाचं देणं, त्याच्यावर मी कधी बोलले नाय. पण दुसऱ्याच्या लेकरावर डोळा ठेवायचा का? आधी म्हणं इंग्रजी बोलायला थोडी मदत. मग म्हणं कॉम्प्युटरवर पाठ लिहायचेत. मी शपथ घातली होती, तिच्या दारात पाय ठेवशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. पोरगी तरी गेली. दसऱ्याच्या दिवशी तिच्या पिशवीत मला सोंगट्यांचा डबा सापडला. मी तसाच नेला आणि नालीत उपडा केला.

ती रडली नाय. भांडली नाय. सलवार वर खोचून नालीत उतरली, एकेक सोंगटी वेचली. एकोणचाळीस निघाल्या, एक मिळाली नाय. मग हातपाय धुवायला पलीकडच्या मोरीत गेली, आणि तिकडंच राहिली. आठ पावलांवर! तिकडं जेवायची, तिकडं झोपायची. मी फरशीवर उभी राहिले तर मान दुसरीकडं. पळवलेलं ज्याच्या हाकेला येतं त्याचं. आणि पळवलेली सोंगटी नुसती जात नाय हो, टोक फिरवून आधीच्या मालकावरच चालून येती. हे मला कुणी शिकवायची गरज राहिली नाय.

त्यात जपानहून पत्र आलं. तिथल्या कुठल्या मंडळाला परदेशी लोकांना शिकवणारी माणसं तयार करायचीत, एक वर्ष या, राहायचं-खायचं आमच्याकडं. बोलावणं बानाबाईला. आणि ही काय म्हणाली? "मला भाकरीबिगर जमत नाय. पोरीला धाडते." धाडते! जशी काय हिच्या पोटची! कागदपत्रं झाली, व्हिसा झाला, तिकीट आलं गुरुवारचं. मला कुणी सांगितलं? मालकानं. ते बी सोमवारी, नळाला पाणी आलं असताना, पाठ फिरवून.

मी हंडा तिथंच ठेवला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या दारात गेले. दोघी पाठ लिहीत बसल्या होत्या. मी म्हणलं, "बाई, तुम्ही माझी पोर पळवलीत. मी तुमच्यासंग एक डाव खेळणार. जिंकले तर पोर माझ्या घरी येईल. जपानला जायची नाय."

बानाबाईनं माझ्याकडं बघितलं, येड्याकडं बघावं तसं. "आणि हरलीस तर?"

"हरणार नाय."

"हरलीस तर तोंडानं म्हणायचं. मला दुसरं काय नको."

मी हसले. एवढंच? प्रांजलीला इचारलं तर ती मान वर न करता म्हणाली, "आई जिंकली तर मी जात नाय." तिला ठाऊक होतं, आईला यातलं ओ की ठो येत नाय.

मंगळवारी अकराला बसलो. दोघं भाऊ बाहेर पायरीवर, आत यायची हिंमत कुणात नाय. पोरगी पटाच्या बाजूला, माझ्या मांडीला मांडी लावून. सोंगट्यांवर जपानी अक्षरं. मी म्हणलं, ह्यातलं सोनं कोणतं, चांदी कोणती, एकदा सांगा. पोरीनं सांगितलं. बानाबाईनं आपला हत्ती काढून बाजूला ठेवला, उंट काढला, आणिक चार सोंगट्या काढल्या. मी म्हणलं, "भीक घालता व्हय?" म्हणाली, "नव्यासमोर जुन्यानं कमी घेऊन बसायचं, अशी रीत हाय." दुसरी येळ असती तर मी पट उधळला असता. पण मला पोर पायजे होती. गप बसले.

आणि खेळले. काय खेळले! चौथ्या-पाचव्या चालीला पोरीनं माझ्याकडं बघितलं. दहाव्या चालीला बानाबाईनं पदर नीट केला आणि मांडी बदलून बसली. मी तिचं प्यादं पळवलं, चांदी पळवली, हातात धरून ठेवली.

"आई, तुला कुणी शिकवलं हे?"

"भिंतीनं."

पोरीचा हात माझ्या गुडघ्यावर आला. दसऱ्यापासून पहिल्यांदा. मी तिकडं बघितलं नाय, ध्यान गेलं असतं.

दीड वाजला असंल. बानाबाईचा राजा पाचव्या दारात कोंडला होता. इकडून माझं सोनं, तिकडून घोडा. त्याच्या तोंडासमोर एक घर मोकळं. तिथं एक प्यादं टाकलं की पुढच्या चालीला राजा खलास. माझ्या हातात पळवलेलं प्यादं होतं. मी ते टोक तिच्याकडं करून ठाण्णकन आपटलं. जिंकले! पोर घरी!

बानाबाईनं पटावरून हात मागं घेतला. मग प्रांजली हळूच म्हणाली, "आई... दोन जावा."

माझा भडका उडाला. "तू बी? पोटची पोर तू, आणि तू बी मला तेच म्हणतीस? ही म्हणती ते कमी होतं का? सहा वर्षं ऐकतीय मी भिंतीतून! एका दारात दोन जावा नाय म्हणं! म्हणून तर दार फोडून घेतलं, नालीवरून जातीय-येतीय, अजून काय पायजे तुमाला?"

पोरगी घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मग तिनं पाचव्या दारावर बोट ठेवलं. वर, राजाच्या तोंडासमोर, मी आत्ता टाकलेलं प्यादं. बोट सरळ खाली आणलं. खाली माझंच आधीचं प्यादं, पहिल्यापासून तिथंच उभं. "आई, नियम हाय हा. एका दारात आपलं एक प्यादं असलं की दुसरं टाकता येत नाय. टाकलं की तिथंच हार. मोठी आई सगळ्यांना असंच शिकवती. दोन जावा म्हणजे दोन प्यादी. तोमाशला बी तसंच शिकवलं."

मी पट बघितला. दोन प्यादी, एकाच रांगेत, एकामागं एक. ऐकून ऐकून सगळा खेळ पाठ केला मी, आणि तेवढं एक वाक्य खेळातलं नाय म्हणून बाजूला काढून ठेवलं होतं. का? तर ते माझ्यावर हाय म्हणून.

"आणि ह्याच्यापायी दार फोडलंस तू?" बानाबाई म्हणाली. तिचा बी आवाज चढला. "मला वाटलं, मी साहेबलोकांची उष्टी भांडी घासते म्हणून तुला किळस येती."

"ती बी येती," मी म्हणलं.

"तुला बोलायचं असतं तर तोंडावर बोलले असते. पोलंडच्या माणसाला कशाला सांगू? तू कोण लागून गेलीस?"

बरोबर होतं तिचं. तोंडावर बोलायला ती कधी भ्यायली नाय. पण बरोबर हाय म्हणून काय गळ्यात पडायचं होतं का? मी म्हणलं, "मला रीत ठाऊक नव्हती. हा डाव धरायचा नाय."

"भिंतीनं सांगितली होती की. म्हण आता."

"नाय म्हणत."

"मग बस. तू म्हणत नाय तोवर कुणी उठायचं नाय."

बसलो. दोन वाजले. बाहेरून मालक म्हणले, जेवून घ्या गं. अडीच वाजले. बानाबाई आपली खांबासारखी ताठ. ह्या बाईनं उन्हातान्हात मेंढरं राखलीत, तिला बसायचं काय? तीन वाजले. मोबाईलवर तो तोमाश का कोण, त्याची घंटी वाजून वाजून बंद पडली, पोरीनं उचलला नाय. ती बी उठू शकत नव्हती. नियम! तिची मांडी माझ्या मांडीला लागलेली, हात गुडघ्यावर तसाच. डोक्याला तिनं कोणतं तेल लावलंय ते कळायलं मला, एवढी जवळ. दसऱ्यापासून तिला एवढा येळ मी जवळून बघितलंच नव्हतं. गालावर एक पुटकुळी आलीय. अंगानं बी थोडी वाळलीय.

सगळे म्हणले, रत्नमाला हट्टानं बोलत नाय. गल्लीत अजून तेच म्हणतात. म्हणू द्या. पहिला अर्धा तास होता हट्ट, खोटं कशाला बोलू? नंतर नव्हता. मी हरले म्हणलं की डाव संपणार, आणि डाव संपला की पोर उठणार. म्हणून तोंड उघडंना माझं.

चारच्या सुमाराला प्रांजलीनं पाय चोळला. तिला मुंग्या आल्या असाव्यात. मग माझ्याकडं न बघता, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, म्हण ना आता. मला बॅग भरायचीय."

तिचा आवाज चिडका असता तर मी आणिक दोन दिवस बसले असते. चिडका नव्हता. लहानपणी भूक लागल्यावर बोलायची तसा होता.

मी मांडी मोडली, बसल्या जागी फिरले, बानाबाईकडं पाठ केली आणि पोरीकडं तोंड. मान खाली घातली आणि म्हणलं, "हरले बया."

बानाबाई मागून फणकारली, "मला म्हणायचं! डाव माझ्यासंग होता."

"तुम्हाला जन्मात म्हणणार नाय," मी म्हणलं.

पोरगी माझ्यापुढं वाकली. पार खाली, कपाळ माझ्या पायाला लागंपर्यंत. जिंकलेल्यानं बी वाकायचं असतं ना त्यांच्यात. ती रीत पाळत होती का आईच्या पाया पडत होती, ते मला अजून कळलं नाय. इचारायचं राहून गेलं. गुरुवारी सकाळी ती गेली.